दुधाचा रतीब, एक खाडा आणि पहिलं मोबाइल ॲप

फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कार्पथी या नामवंत संगणकतज्ज्ञांनी ‘व्हाइब कोडिंग’ असा शब्द वापरला आणि त्याच वर्षी कॉलिन्स शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. काय हवं ते एआयला साध्या भाषेत सांगायचं, त्याने लिहिलेला कोड वाचत बसायचं नाही, चाललं की झालं, असा त्याचा अर्थ. तेव्हापासून ‘दहा मिनिटांत ॲप बनवा’ छापाच्या व्हिडिओंचा नुसता पूर आलाय. ज्यांना खरोखर शिकायचंय ती माणसं मात्र गोंधळलीत. माझ्या ओळखीत नुकतीच बारावी झालेला एक मुलगा आहे आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. दोघांनी मला एकाच महिन्यात एकच प्रश्न विचारला: आता हे शिकण्यात अर्थ आहे का, आणि असेल तर सुरुवात कुठून करायची?

अर्थ नक्की आहे. बनवणाऱ्याच्या टेबलावर ॲप चालणं ही एक गोष्ट झाली. तेच ॲप दुसऱ्याच्या हातात, त्याच्या जुन्या फोनवर, त्याच्या घाईगडबडीत नीट चालणं ही फार वेगळी गोष्ट आहे. या दोन्हींच्या मध्ये जे पडतं तेच शिकायचं असतं, आणि ते शिकता येतं. मी ते एका अगदी छोट्या ॲपवर शिकले. माझे मामा मिरजेजवळच्या एका गावात बेचाळीस घरी दुधाचा रतीब घालतात. त्यांच्या हिशोबाच्या वहीचं ॲप करायला घेतलं आणि रोज तासभर बसून ते वापरण्याजोगं व्हायला मला सात महिने लागले. पुढचं सगळं त्याच ॲपच्या आधाराने सांगते.

## ॲप म्हणजे असतं तरी काय?

गावातली एखादी खानावळ डोळ्यांपुढे आणा. बाहेर टेबलं, आत स्वयंपाकघर, त्याच्या मागे धान्याची कोठी. गिऱ्हाईक बाहेर बसून सांगतं, आत रांधलं जातं, लागेल ते कोठीतून येतं. कोठीत नसेल ते बाजारातून आणावं लागतं.

ॲपचंही असंच. फोनच्या पडद्यावर दिसणारी बटणं, रकाने, याद्या म्हणजे बाहेरची टेबलं. बटण दाबल्यावर काय करायचं याच्या सूचना म्हणजे स्वयंपाकघर. या सूचनांनाच कोड म्हणतात. माहिती जिथे टिकून राहते ती कोठी म्हणजे डेटाबेस. आणि इंटरनेटच्या पलीकडचा दुसरा संगणक, म्हणजे सर्व्हर, हा आपला बाजार.

नवशिके बहुतेक वेळ टेबलं सजवण्यात घालवतात. रंग, सावल्या, सरकणारी चित्रं. त्यात आनंद आहे, मीही तो भरपूर घेतला. पण मामांच्या ॲपमध्ये जे जे बिघडलं ते कोठीत आणि स्वयंपाकघरात बिघडलं.

खूप ॲप्सना बाजाराची गरजच नसते, हेही इथेच लक्षात घ्या. मुंबईकरांच्या ओळखीचं एम-इंडिकेटर घ्या. सचिन टेके यांनी बनवलेल्या या ॲपमध्ये लोकलचं वेळापत्रक फोनमध्येच असतं, म्हणून रेंज नसलेल्या ठिकाणीही पुढची गाडी दिसते. मामांचा हिशोबही फोनमध्येच राहतो. सर्व्हर नाही, लॉगिन नाही, पासवर्ड नाही. पहिल्याच ॲपमध्ये हे सगळं घालायचा मोह टाळलात तर निम्मी डोकेदुखी वाचते.

## कुठल्या भाषेत शिकायचं?

या प्रश्नावर लोक महिनोन् महिने घालवतात, म्हणून थोडक्यात सांगते.

अँड्रॉइड फोनसाठी कॉटलिन ही भाषा आहे. जेटब्रेन्स कंपनीने ती बनवली, गुगलने २०१७ मध्ये तिला अधिकृत पाठिंबा दिला आणि २०१९ पासून अँड्रॉइडसाठी पहिली पसंती तिलाच. आयफोनसाठी ॲपलची स्विफ्ट आहे, २०१४ पासून. पण त्यासाठी लागणारं एक्सकोड हे साधन फक्त मॅकवर चालतं. एकदाच लिहून दोन्हीकडे चालवायचं असेल तर गुगलचं फ्लटर आहे, ज्याची भाषा डार्ट; किंवा फेसबुकने २०१५ मध्ये खुलं केलेलं रिॲक्ट नेटिव्ह, ज्यात जावास्क्रिप्ट वापरतात.

तुमच्याकडे विंडोजचा लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन असेल तर कॉटलिन किंवा फ्लटर घ्या. मी कॉटलिन घेतली, कारण मामांचा फोन अँड्रॉइड होता. निवड झाली की सहा महिने बदलू नका. एका भाषेत ‘यादीतून एक नोंद काढणे’ नीट समजलं की दुसऱ्या भाषेत ते शोधायला संध्याकाळ पुरते. चार भाषांची सुरुवात करून एकीतही नोंद काढता न येणारे मात्र मी बरेच पाहिलेत.

## आधी वही बघा

माझ्या पहिल्या ॲपमध्ये रोज सकाळी घरांची यादी दिसायची, प्रत्येक घरापुढे किती दूध घातलं ते भरायचं. बेचाळीस घरं, बेचाळीस नोंदी. मामांनी दोन दिवस इमाने-इतबारे भरलं, तिसऱ्या दिवशी वही परत बाहेर काढली.

मग मी त्यांची वही घेऊन बसले, आणि खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती. दर घराला एक पान. वरच्या कोपऱ्यात ‘१ लि.’ किंवा ‘अर्धा’. खाली सगळ्या महिन्यात मिळून दोन-तीनच ओळी: ‘४ खाडा’, ‘११ अर्धा जादा’, ‘१९ ते २२ खाडा, गावाला’. रोजचं दूध त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं. ठरलेलं दूध रोज जाणारच, लिहायचा तो फक्त खाडा. गिऱ्हाईक बाईसुद्धा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तेवढंच टिपून ठेवते. दोन पिढ्यांच्या वापरातून कमीत कमी लिहिण्याची ही पद्धत घडली होती आणि मी ती न बघताच कोड लिहायला बसले होते.

दुसऱ्या खेपेला ॲप उलटं केलं. सगळी घरं ‘नेहमीप्रमाणे’ धरलेली. घराच्या नावासमोर एकच मोठं बटण, ‘खाडा’. बहुतेक दिवशी मामांना ॲप उघडावंही लागत नाही.

एक पहाट त्यांच्यामागे गाडीवर बसून फिरले. साडेपाचला अंधार, एका हातात किटली, बोटं दुधाने ओली. ओल्या बोटाने लहान बटण दाबलं जात नाही, शेजारचंच दाबलं जातं. गुगलच्या मार्गदर्शनानुसार बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी हवी. डीपी हे पडद्यावरचं माप आहे, आणि ४८ डीपी म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. मी ती दुप्पट केली आणि चुकून दाबलं गेलंच तर पाच सेकंद ‘परत घ्या’ दिसेल असं केलं. घरात बसून हे सुचलं नसतं.

म्हणून सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी एक विनंती करते: पहिलं ॲप ओळखीच्या एका माणसासाठी बनवा. भिशीचा हिशोब ठेवणारी आत्या, क्लासची हजेरी घेणारे सर, औषधांच्या वेळा विसरणारे आजोबा, कोणीही चालेल. आधी त्यांचा कागद बघा.

## ‘अगं, फोन आला की लिहिल्यालं जातंय बघ’

मामांची ही तक्रार ऐकली तेव्हा मला पटेना. माझ्या फोनवर असं कधी झालं नव्हतं. ते नवीन गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, माप भरत होते, मध्येच कोणाचा तरी फोन आला, बोलून परत आले तर रकाने कोरे.

एसटी थांब्यावर थांबली की आपण चहाला उतरतो, पण उतरण्याआधी सीटवर रुमाल टाकतो. गाडी आपली नाही. जागा धरून ठेवली नाही तर परत येईपर्यंत तिथे दुसरं कोणी बसलेलं असतं. फोनमध्ये ॲपची स्थिती अशीच असते. फोनचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्राम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. तुम्ही दुसरीकडे गेलात आणि मेमरी कमी पडायला लागली की ती मागे पडलेलं ॲप सरळ बंद करते. परत आल्यावर ते नव्याने उघडतं. आधी रुमाल टाकला नसेल, म्हणजे भरलेलं कुठे जपून ठेवलं नसेल, तर रकाने कोरे. माझ्या फोनमध्ये मेमरी भरपूर, मामांच्या फोनमध्ये थोडी. फरक एवढाच होता.

फोन आडवा केला तरी हेच होतं. अँड्रॉइडमध्ये एरवी, काही वेगळं सांगितलं नसेल तर, फोन आडवा होताच पडदा मोडून नव्याने उभा केला जातो.

उपाय एका शब्दाचा निघाला. अँड्रॉइडचे पडदे हल्ली जेटपॅक कंपोझ नावाच्या साधनाने बनवतात. त्यात भरलेली माहिती लक्षात ठेवायला मी ‘रिमेंबर’ वापरलं होतं; तिथे ‘रिमेंबरसेव्हेबल’ लिहिलं की पडदा मोडला, ॲप सिस्टीमने बंद केलं, तरी रकान्यातलं परत येतं. पण माणसाने स्वतःच ॲप वर सरकवून काढून टाकलं तर हा रुमालही जातो. जे कायम राहायला हवं ते कोठीत, म्हणजे डेटाबेसमध्येच गेलं पाहिजे. आता मामांनी नाव लिहून पुढच्या रकान्यात बोट ठेवलं की तेवढी नोंद कच्ची म्हणून लगेच डेटाबेसमध्ये जाते.

ही चूक स्वतःच्या फोनवर मुद्दाम घडवून बघता येते. सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’ शोधा आणि त्यावर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपरसाठीचे पर्याय उघडतात. त्यात ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करा. आता ॲपमधून बाहेर पडताच पडदा मोडला जाईल. तुमचं ॲप उघडा, अर्धं भरा, बाहेर जा, परत या. मला हे पहिल्या आठवड्यात कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

## गल्ल्यावरचा माणूस बाजारात गेला तर

पुन्हा खानावळीत येऊ. गल्ल्यावर एकच माणूस आहे, ऑर्डर तोच घेतो. तो स्वतःच भाजी आणायला गेला तर गिऱ्हाइकं ताटकळतात. ॲपमध्ये पडद्याचं सगळं काम बघणारा असाच एक मुख्य धागा असतो. पडदा सेकंदाला साठ वेळा रंगवायचा तर त्याला दर खेपेला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. त्याला डेटाबेस चाळायला किंवा नेटवरून काही आणायला लावलं की पडदा अडखळतो. स्पर्शाला पाच सेकंद उत्तर आलं नाही तर अँड्रॉइडच ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी लावतो आणि लोक ते काढून टाकतात.

वेळखाऊ काम दुसऱ्या धाग्यावर टाकायचं, एवढंच इथे शिकायचं आहे. कॉटलिनमध्ये त्यासाठी कोरुटीन नावाची सोय आहे. डेटाबेससाठीची गुगलची रूम ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, तर मुख्य धाग्यावरून काम सांगितलं की एरवी चूक दाखवून थांबतेच, त्यामुळे ही सवय आपोआप लागते.

## हिशोबात दशांश घालू नका

बहुतेक भाषांमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघा. उत्तर नेमकं ०.३ येत नाही, शेवटी बऱ्याच शून्यांनंतर एक ४ चिकटतो. संगणक आतून दोनाच्या पटीत मोजतो आणि ०.१ ही संख्या त्याला त्या पद्धतीत नेमकी मांडताच येत नाही, जशी आपल्याला एकतृतीयांश दशांशात संपवता येत नाही. हा कण महिनाभराच्या हिशोबात कुठेतरी पैशापैशाने उगवतो. म्हणून पैसे नेहमी पैशांतच, पूर्ण संख्येत ठेवायचे. भाव ६१ रुपये लिटर आणि पाव लिटर दूध असेल तर १५.२५ लिहू नका, १५२५ पैसे लिहा. दाखवताना तेवढे रुपये करा.

त्याहून मोठी चूक मी भावाची केली होती. ॲपमध्ये भाव एकाच ठिकाणी ठेवला होता. मामांनी महिन्याच्या ११ तारखेपासून भाव ६० वरून ६४ केला आणि ॲपमध्ये बदलला. लिटरभर घेणाऱ्या घराचं तीस दिवसांचं खरं बिल दहा दिवस ६० ने आणि वीस दिवस ६४ ने, १८८० रुपये. ॲपने सगळेच दिवस ६४ ने धरून १९२० सांगितलं. चाळीस रुपयांची गोष्ट, पण पंचवीस वर्षांच्या गिऱ्हाइकाने मामांकडे ज्या नजरेने पाहिलं ते त्यांनी मला फोनवर दोनदा सांगितलं. त्या रात्री मी ‘भाव’ असा वेगळा तक्ता केला: कुठल्या तारखेपासून किती. आधीची बिलं आता कधीच बदलत नाहीत.

ॲप शिकवणारे धडे बटण कसं बनवायचं ते सांगतात. कुठली गोष्ट तारखेसकट जपायची हे त्या त्या धंद्यातला माणूसच सांगू शकतो.

## ‘लक्ष्मी’ किती अक्षरांचं नाव आहे?

आपण म्हणू दोन: ल आणि क्ष्मी. फोनला विचारलं तर सात. ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दुसरी वेलांटी, असे सात वेगळे संकेत युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या संकेतपद्धतीत, साठवलेले असतात. यादीत जागा कमी आहे म्हणून ‘पहिले चार घ्या’ असं कोडमध्ये लिहिलं की लक्ष्मीबाईंचं ‘लक्ष’ होतं. इंग्रजी नावांवर तपासलेल्या ॲपमध्ये ही चूक दिसतच नाही. त्यामुळे नाव कापायचं असेल तर डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षराच्या सीमेवर कापणारी सोय वापरायची. ती जवळपास प्रत्येक भाषेत आहे, फक्त शोधावी लागते.

अशा अजून काही जागा आहेत. देवनागरीला वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार लागतात. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने घट्ट ठेवली तर ‘र्की’चा रफार किंवा ‘द्रू’चा उकार कापला जातो. मराठी कळफलकावरून माणूस ‘५’ टाकतो. जावास्क्रिप्टला ते संख्येत बदलायला सांगितलं तर ‘ही संख्या नाही’ असं उत्तर येतं. एसएमएसचं गणितही वेगळं. साध्या इंग्रजी मजकुराला एका संदेशात १६० अक्षरं मिळतात, मराठीला युनिकोडमुळे ७०, आणि वर सांगितलेल्या मोजणीने ७० म्हणजे फारच थोडी. मामांचा बिलाचा निरोप मी चार वेळा लिहून त्यात बसवला.

मराठीतली चांगली ॲप्स कमी आहेत याचं एक कारण मला इथे दिसतं. मराठी शेवटी भाषांतर करून चिकटवली जाते. तुम्ही पहिल्या दिवसापासून तपासणीसाठी ‘स्त्री’, ‘ज्ञानेश्वर’, ‘तुकऱ्याचा वाडा’ अशीच नावं वापरा.

## मागायची नाही ती परवानगी

अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, ॲपला कॅमेरा, संपर्क, ठिकाण असं काही हवं असेल तर वापरताना विचारावं लागतं. मलाही वाटलं होतं की संपर्कांची यादी मागावी, म्हणजे गिऱ्हाइकांचे नंबर पटकन भरता येतील. मग विचार केला, बेचाळीस नंबर एकदा हाताने भरायला अर्धा तास लागतो. तेवढ्यासाठी मामांच्या फोनमधले सगळे नातेवाईक, डॉक्टर, सावकार माझ्या कोडच्या हातात का द्यायचे?

हा प्रश्न किताबी नाही. झटपट कर्ज देणाऱ्या काही ॲप्सनी संपर्कांची यादी उचलून कर्जदाराच्या नातलगांना धमक्या दिल्याचं आपण वर्तमानपत्रांत वाचलंय. त्यानंतर वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना फोनमधले संपर्क आणि फोटो वाचायला गुगल प्लेने २०२३ मध्ये बंदी घातली. त्याच वर्षी आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. लोकांची माहिती सांगितलेल्या कामापुरतीच आणि संमतीने घ्यायची, हा त्याचा गाभा. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अटही त्यात आहे. शाळेसाठी किंवा क्लाससाठी ॲप करणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

## ‘एआय सगळं करून देतं, मग मी कशाला शिकू?’

एआय मीही वापरते आणि त्याची मदत मोठी आहे. चूक दाखवणारा संदेश समजून घ्यायला, विसरलेली रचना आठवायला, एखादा धडा मराठीत पुन्हा समजावून घ्यायला ते उत्तम.

पण मी एकदा प्रयोग म्हणून त्याला सांगितलं, ‘दुधाच्या रतीबाचा हिशोब ठेवणारं ॲप कर.’ काही मिनिटांत देखणं ॲप आलं. रोज प्रत्येक घराची नोंद मागणारं, भाव एकाच ठिकाणी ठेवणारं, पैसे दशांशात मोजणारं. माझ्या पहिल्या तिन्ही चुका एका दमात. खाडा म्हणजे काय हे सांगितल्यावर त्याने ते दुरुस्तही केलं. पण सांगण्यासाठी मला ते माहीत असायला हवं होतं, आणि दुरुस्ती खरी आहे का हे पाहायला कोड वाचता यायला हवा होता.

सुरक्षेचा धोका याहून गंभीर आहे. एखाद्या बाहेरच्या सेवेची गुप्त किल्ली सरळ ॲपच्या कोडमध्ये लिहिणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक, आणि एआयकडून आलेल्या कोडमध्येही ती सापडते. अँड्रॉइड ॲपची एपीके फाइल म्हणजे मुळात झिप फाइल. ती कोणीही उघडू शकतं आणि किल्ली काढून तुमच्या नावावर बिल वाढवू शकतं.

पहिले दोन-तीन महिने एआयकडून कोड घेतलात तरी स्वतः टाइप करा आणि प्रत्येक ओळीला ‘ही काढली तर काय होईल?’ असं विचारा. मग ती काढून बघा. आणि त्याला मोठा बदल करायला सांगण्याआधी गिटमध्ये एक प्रत ठेवा. गिट म्हणजे कोडच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारं साधन. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचे कर्ते लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते बनवलं. बिघडलं की कालच्या जागी परत जाता येतं.

## ‘इंग्रजी कच्चं आहे, लॅपटॉपही साधाच’

इंग्रजीची भीती मला समजते, माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. कोडसाठी लागणारे शब्द मोजके आहेत: इफ, एल्स, फॉर, व्हॅल, फन, असे पन्नासेक. खरा घाम फुटतो तो चूक दाखवणाऱ्या लांबलचक लाल मजकुराने. तो सगळा वाचायचा नसतो. ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी ओळ शोधा, आणि तिच्याखाली तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक कुठे आहे ते बघा. तिथूनच सुरुवात करायची. गुगलचा ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोझ’ हा अभ्यासक्रम फुकट आहे. त्याची इंग्रजी साधी आहे.

लॅपटॉपचं म्हणाल तर अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे ॲप बनवायचं गुगलचं साधन, किमान ८ जीबी रॅम मागतो, आणि त्यातच एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, चालवायचा तर १६ जीबी लागते. माझ्याकडे आठच होती. एम्युलेटर बंद ठेवला आणि स्वतःचा फोन केबलने जोडून त्यावरच चालवलं. त्याने फायदाच झाला, खऱ्या फोनवर खरं काय होतं ते रोज दिसत राहिलं. लहान मुलांना किंवा कोडची फारच धास्ती असणाऱ्यांना एमआयटी ॲप इन्व्हेंटर आहे. ते ब्राउझरमध्ये चालतं आणि ठोकळे जोडून ॲप होतं.

पैसे मिळतील का, असंही विचारतात. पहिल्या ॲपकडून अपेक्षा ठेवू नका. जाहिराती लावता येतील, पण ‘खाडा’च्या बटणाशेजारी जाहिरात आणि ओली बोटं हे चित्र मला सहन होत नाही.

## बारा माणसं, चौदा दिवस

ॲप इतरांना द्यायचं तर गुगल प्लेवर खातं लागतं. त्याची फी एकदाच २५ डॉलर. ॲपलची दर वर्षी ९९ डॉलर. गुगलचा आणखी एक नियम नवशिक्यांना दचकवतो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी सलग चौदा दिवस बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. आधी त्यासाठी किमान वीस माणसं लागायची, डिसेंबर २०२४ पासून बारा.

अनेक जण हा नियम म्हणजे कटकट मानतात आणि अनोळखी लोकांच्या गटांत ‘तू माझं बसव, मी तुझं बसवतो’ असा सौदा करतात. मला वाटतं, ते स्वतःचं नुकसान करून घेतात. मी बारा माणसं मामांच्या ओळखीतूनच गोळा केली: तीन रतीबवाले, एक पेपर टाकणारा, डब्याचा व्यवसाय करणाऱ्या दोन बायका, बाकी गिऱ्हाइकं. पेपरवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘रविवारचा भाव वेगळा असतो, तो कुठं टाकू?’ डबेवाल्या ताईंना खाडा एक वेळेचा हवा होता, सकाळचा किंवा संध्याकाळचा. दोन्ही गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्या आणि दोन्हींना ‘आत्ता नाही’ म्हटलं, कारण हे ॲप दुधाचं होतं.

नवव्या दिवशी एका आजींचा फोन आला. त्या गिऱ्हाईक, स्वतःचा हिशोब पडताळायला त्यांनी ॲप घेतलं होतं. ‘बाई, खाड्याचं बटण कुठंय गं यात?’ त्यांच्या घरी जाऊन पाहिलं. डोळ्यांसाठी त्यांनी फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी केली होती, आणि अँड्रॉइड १४ पासून ती दुप्पट मोठी करता येतात. माझं बटण मात्र ठरावीक रुंदीचं. त्यात नुसता ‘खा’ दिसत होता, ‘डा’ बाहेर गेला होता. तिथेच त्यांच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला, रुंदी काढून टाकली, बटण मजकुराप्रमाणे वाढू दिलं आणि त्यांचा फोन केबलला जोडून नवी प्रत चढवली. आजींनी चष्मा न लावता ४ तारखेचा खाडा टाकला, कॅलेंडरवरच्या खुणेशी ताडून पाहिला, आणि मग म्हणाल्या, ‘आता १९ ते २२ एकदम कसं टाकायचं ते दाखव.’ ते अजून एकेका दिवसाचंच होतं. सध्या त्यावर काम चालू आहे.